परगावच्या स्पर्धेला निघताना : सॅक भरावी कोणी आणि कशी?

शालेय क्रीडा स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी जाते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांतील हजारो मुले-मुली त्यासाठी दरवर्षी राज्याच्या आठ विभागांतून प्रवास करतात. त्यांतील अनेकांसाठी आई-वडिलांविना घराबाहेर काढलेली ती पहिलीच रात्र असते. साहजिकच निघण्याच्या आदल्या दिवशी घरोघरी धांदल उडते, आणि सॅक बहुतेक वेळा आईच भरते. गोंधळाचे मूळ येथेच असते. सॅक आईने भरली की कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे, हे केवळ आईलाच ठाऊक असते. आणि ती तर स्पर्धेच्या गावी नसते.

म्हणून सामान मुलाने स्वतः भरावे आणि पालकांनी शेजारी बसून यादीवर खुणा कराव्यात, हे उत्तम. भरलेली सॅक मुलाला पाठीवर घेऊन जिना चढता-उतरता आला पाहिजे. शाळेच्या दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे शासकीय धोरण सांगते. म्हणजे ४० किलोच्या मुलासाठी ४ किलो. स्पर्धेचे सामान या मर्यादेत बसणे अवघड असले, तरी फलाटावरील दादरा चढताना ओझे वाहणारी पाठ तीच असते. चाकांची मोठी बॅग शाळेच्या मैदानावरून ओढता येत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

<b>आधी कागद, मग कपडे</b>

सामान राहिले तर सहकाऱ्याकडून मागता येते, कागद मागता येत नाहीत. वयोगटाच्या स्पर्धांत जन्मतारखेचा पुरावा आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे छायाचित्रासह ओळखपत्र यांवरच पात्रता ठरते. एखादा शिक्का राहिल्यामुळे वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूला कडेला बसावे लागू शकते. मूळ कागदपत्रे शक्यतो संघासोबतच्या शिक्षकांकडे द्यावीत, झेरॉक्स प्रती व दोन छायाचित्रे मुलाच्या सॅकमध्ये ठेवावीत. पालकांचे आणि शिक्षकांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून द्यावेत; मोबाइलची बॅटरी संपल्यावर पाठ नसलेले क्रमांक आठवत नाहीत. रोख रक्कम थोडी आणि दोन ठिकाणी विभागून असावी.

<b>मैदान पाहून साहित्य</b>

मातीवर सराव करणाऱ्या कबड्डी वा खो-खोच्या संघाला स्पर्धेत मॅटवर उतरावे लागते. मॅटचे बूट निघण्याच्या आदल्या दिवशी विकत घेतले, तर पहिल्याच सामन्यात टाचेला फोड येतो. नवे बूट किमान आठवडाभर सरावात वापरलेले असावेत. अॅथलेटिक्सच्या मुलांनी स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबी तपासून घ्यावी. सिंथेटिक ट्रॅकवर सर्वसाधारणपणे ९ मिलिमीटर, तर उंच उडी व भालाफेकीसाठी १२ मिलिमीटर ही आंतरराष्ट्रीय नियमांतील कमाल मर्यादा आहे. मातीच्या ट्रॅकवरचे लांब खिळे तेथे चालत नाहीत. त्यामुळे खिळे बदलण्याची चावी सोबत हवी. ज्या खेळांत झटापट होते तेथे पंच नखेही पाहतात, तेव्हा पन्नास रुपयांच्या आतले नेलकटर विसरू नये.

खेळाचे बूट, गणवेश आणि गुडघ्याचे पॅड एका वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवून ती पिशवी प्रवासात उशाशी घ्यावी. कपड्यांची सॅक हरवली तरी सामना खेळता येतो.

मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गखोल्यांत किंवा वसतिगृहात असतो. सतरंजी मिळाली तरी पांघरूण आपलेच हवे. डिसेंबरात नाशिक किंवा नागपूर येथे पहाटेची थंडी मुंबईकर मुलांना झेपत नाही. कपडे वाळवायला दोरी, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी, मग, साबणाची डबी आणि एक छोटे कुलूप एवढे पुरे.

मुलींच्या सॅकमध्ये सॅनिटरी पॅड आणि गडद रंगाची जादा शॉर्ट्स असावीच. पाळी अद्याप सुरू झाली नसली तरीही. प्रवास आणि ताण यांनी शरीराचे वेळापत्रक बदलते. याविषयी संघासोबतच्या शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलता येते, हे मुलीला घरूनच सांगितलेले असावे. अनेक घरांत हा विषय शेवटपर्यंत निघत नाही.

<b>औषधांबाबत सावधगिरी</b>

घरातील औषधांचा डबा जसाच्या तसा सॅकमध्ये ओतणे धोक्याचे. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा एफेड्रिन असते. स्पर्धेच्या काळात लघवीतील त्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेले, तर उत्तेजक चाचणीत खेळाडू दोषी ठरू शकतो. तोंडाने घेतलेली स्टेरॉइड्सही स्पर्धाकाळात वर्ज्य आहेत. 'खेलो इंडिया'सारख्या स्पर्धांत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था चाचण्या घेते, आणि 'आईने गोळी दिली होती' ही सबब तेथे चालत नाही. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप विहित मात्रेत चालतो. मात्र दम्याचे प्रत्येक औषध चालते असे नाही. नियमित औषध असलेल्या मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे नाव व मात्रा शिक्षकांना लेखी द्यावी. अॅलर्जी असल्यास तीही लिहावी.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटे हवीत. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळल्यास मिश्रणाचे प्रमाण बिघडते. दुकानातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

खाऊबाबत फारसे सांगण्याची गरज नाही. दशम्या, कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे आणि केळी प्रवासात टिकतात व पोटाला सोसतात. सामन्याच्या दिवशी मात्र नवा पदार्थ नको.

परतीच्या सामानाचा विचार सहसा कोणी करत नाही. प्रमाणपत्र हाती पडते ते स्पर्धा संपल्यावर, आणि घरी पोहोचेपर्यंत ओल्या टॉवेलखाली चुरगळलेले असते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांसाठी पुढे तेच सादर करावे लागते. सॅकच्या पाठीकडील कप्प्यात एक कडक फाईल रिकामीच पाठवावी.