ब्याण्णव ग्रॅमचा पेशंट

पहाटे ५.४०
चुडावा. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं गाव. डॉक्टर मोटारसायकल बाहेर काढतात. शिक्षण परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, आता स्वतःची प्रॅक्टिस. मागच्या पेटीत कॅल्शियमच्या बाटल्या, सलाईनचे सेट, खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे. शेजारी एक स्टीलचा डबा. त्यात ग्रॅमचा वजनकाटा, इन्सुलिनच्या सिरिंजा, दोन धुतलेले नॅपकिन. हा डबा पाखरांचा. काटा चारशे रुपयांचा.

६.१५
म्हैस रात्री व्याली, वार पडेना. तासभर काम. फी चारशे, औषध वेगळं. चारशेतले दोनशे आत्ता, दोनशे "दुधाचं बिल आल्यावर". डॉक्टर वहीत टिपतात. पेट्रोलला मात्र उधारी नाही, आणि परभणीचं पेट्रोल राज्यातल्या महागड्यांत.

९.३०
दवाखाना म्हणजे एक गाळा. बाकावर एक मावशी, मांडीवर पिंजरा. आत राघू, सहा वर्षांचा.
"परवापासून खाणं सोडलंय बघा. एक सुई मारून द्या."
डॉक्टर पिंजऱ्याला हातच लावत नाहीत. चार हातांवर स्टूल टाकून बसतात, तोंडाला मास्क. पाच मिनिटं नुसतं बघणं. मावशी चुळबुळ करतात. राघूची पिसं फुगलेली. श्वासागणिक शेपटी खालीवर होते. पाखरू आजार लपवतं. रानात दुबळं दिसलं तर शिकारी पक्षी आधी त्यालाच उचलतो. ते उघड आजारी दिसू लागलं म्हणजे दुखणं जुनं आहे.

मग पिंजऱ्यातला कागद. विष्ठेत तीन गोष्टी बघायच्या: हिरवा भाग, पांढरा भाग, पाणी. इथं हिरवा भाग जवळपास नाहीच. पोट रिकामं.

"काय घालता, मावशी?"
"शेंगदाणे, चहात बुडवलेली पोळी, हिरवी मिरची."
"मिरची चालू द्या. चहा बंद."

आता नॅपकिन. डोकं दोन बोटांत, छाती मोकळी. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. घाबरून घट्ट आवळलं तर हातातच जीव जातो. चोच वाढलेली, नाकपुडी बुजलेली, टाळूवर पांढरे ठिपके. नुसत्या दाण्यांवर जगणाऱ्या पोपटात अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याची ही खूण. काट्यावर आकडा येतो ब्याण्णव. धडधाकट राघू शंभराच्या वर भरतो.

सुई मिळत नाही. कपाटात प्रोकेन पेनिसिलिन आहे. गुरांना रोज लागतं, पण लहान पाखराला त्यातलं प्रोकेन विषासारखं बाधू शकतं. डॉक्टर गणित मांडतात, सिरिंजेत औषधाचे थेंब भरतात, खोक्यात बल्ब लावून ऊब देतात. मग यादी: गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. पिंजरा कोरडा झाडायचा नाही, कागद ओला करून उचलायचा. घरात कुणाला ताप, खोकला आहे का? पोपटाकडून माणसाला होणारा ताप असतो, सिटॅकोसिस. तो निघाला तर पोपटाला पंचेचाळीस दिवस औषध. ती तपासणी इथं होत नाही. डॉक्टर परभणीच्या कॉलेजला फोन लावतात.

फी शंभर. मावशी पन्नास काढतात. "पाखराचे शंभर?" पिंजरा आठशेचा आहे. डॉक्टर पन्नास घेतात.

११.१०
पुढचं बोलणं अवघड. देशी राघू घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. डॉक्टर ते स्पष्ट सांगतात. मावशींचा चेहरा उतरतो. मग सोडून देऊ का? नाही. पंख कापलेले, सहा वर्षं आयतं खाल्लेलं. संध्याकाळपर्यंत मांजर नेईल. "आधी बरा करा, मग वन विभागाला कळवा, चिठ्ठी मी देतो." काही डॉक्टर असं पाखरू टेबलावर घेत नाहीत, काही कायद्याचं नाव काढत नाहीत. मला दोन्ही पळवाटा वाटतात.

दुपारी २.००
भाकरी, पिठलं. तेवढ्यात फोन: बजरीगरची मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसलीय. ही परदेशी जात, पाळायला हरकत नाही. अंडं अडकलं असावं. ऊब द्या, पोट दाबू नका, लगेच घेऊन या.

४.४५
तीन पोरं, टोपीत राघूचं पिल्लू. तोडलेल्या झाडाच्या ढोलीतलं, पिसं अर्धी फुटलेली. एकानं दूध आणलंय. दूध परत जातं. पिल्लू गार आहे. गार पिल्लाला भरवलं तर अन्न गळ्याच्या पोतडीतच साचून नासतं, म्हणून आधी ऊब. पोरं विचारतात, आम्ही पाळू का? उत्तर एका शब्दाचं. वन विभागाला फोन जातो.

रात्री ८.१५
हिशोब. जमा साडेसातशे, उधारी दोनशे, पेट्रोल एकशेऐंशी. पाखरांचे जमा शंभर, त्यात बजरीगरचे पन्नास. पिल्लाचे काही नाही. मावशींचा फोन येतो, राघूनं गाजराचा कीस खाल्ला. उद्या दाणे टाकण्याआधी वजन करायला आणा, डॉक्टर सांगतात.

गाळ्याच्या भिंतीवर वन विभागाचा क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहिलाय: १९२६. तुमच्या घरी देशी पोपट असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, मग हा नंबर फिरवा. पिंजऱ्याचं दार उघडून मोकळे होऊ नका.