दुसऱ्याच्या हाती दिलेली बंदूक



मार्च २००१ मध्ये अफगाणिस्तानातील बामियानच्या डोंगरकड्यात कोरलेल्या तथागताच्या दोन भव्य मूर्ती तालिबानने स्फोटके लावून उडवल्या. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरी सुमारे ३८ मीटर. जवळपास दीड हजार वर्षे ऊन, बर्फ आणि लढाया सोसून त्या उभ्या होत्या. जगभरच्या बौद्धांना धक्का बसला. परंतु हे तालिबान आले कोठून, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याचा माग काढत गेले तर वाट वॉशिंग्टनपर्यंत जाते.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात घुसले. त्या काळी अमेरिकेला एकच शत्रू दिसत होता, तो म्हणजे कम्युनिस्ट रशिया. रशियाचा शत्रू तो आपला मित्र, असे साधे गणित मांडून अमेरिकेच्या सीआयएने मुजाहिदीनांना पैसा आणि शस्त्रे पुरवली. हा माल पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत जाई. कोणत्या टोळीला किती द्यायचे हे तिथे ठरे, आणि मोठा वाटा कडव्या गटांच्या पदरात पडे. १९८६ पासून तर खांद्यावरून विमान पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रेही देण्यात आली.

यापेक्षाही चिंतेची गोष्ट म्हणजे पुस्तके. अमेरिकी सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठामार्फत अफगाण मुलांसाठी शालेय पुस्तके तयार झाली. त्यांत बंदुका, गोळ्या, रणगाडे, सैनिक यांची चित्रे होती. आपली मुले आंबे आणि चेंडू मोजून बेरीज शिकतात. ही मुले शस्त्रे मोजून शिकली. पुढे तालिबानच्या राजवटीतही ही पुस्तके वापरात राहिली. २००२ साली ती चित्रे काढून टाकलेली पुस्तके पुन्हा अमेरिकेच्याच पैशातून छापावी लागली!

फेब्रुवारी १९८९ मध्ये रशियन फौज परत गेली आणि १९९१ अखेर सोव्हिएत संघच मोडला. शत्रू संपला तसा अमेरिकेचा अफगाणिस्तानातील रसही संपला. मागे राहिली उद्ध्वस्त गावे, निर्वासितांच्या छावण्या आणि हत्यारांचे ढीग. उरलेली स्टिंगर भलत्याच्या हाती जातील या भीतीने ती विकत परत घेण्यासाठी अमेरिकेला वेगळी रक्कम खर्च करावी लागली.

अमेरिकेने तालिबानला जन्म दिला, असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. ही संघटना १९९४ च्या सुमारास कंदाहारकडे उभी राहिली आणि तिला मोठा आधार पाकिस्तानचा होता. सप्टेंबर १९९६ मध्ये तिने काबूल घेतले. परंतु ज्या जमिनीत ती रुजली, ती नांगरण्यात अमेरिकेचाही हात होता, हे नाकारता येत नाही.

त्याच आश्रयाला ओसामा बिन लादेनची अल-कायदा वाढली. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले होऊन २२४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य साधे आफ्रिकी नागरिक होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी १९ जणांनी चार प्रवासी विमाने पळवली आणि सुमारे ३,००० लोकांचा जीव घेतला. जगातली सर्वांत बलाढ्य फौज बाळगणाऱ्या देशावर हा घाला कोणत्याही देशाच्या सैन्याने घातला नव्हता. धोक्याचे रूप बदलले होते.

उत्तर मात्र जुनेच निघाले. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि मार्च २००३ मध्ये इराकवर युद्ध. इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगितले गेले. ती सापडलीच नाहीत. मे २००३ मध्ये इराकचे सैन्य एका हुकमाने बरखास्त झाले. लाखो शस्त्र शिकलेले हात बेकार झाले. त्यांतलेच काही अधिकारी पुढे इसिसमध्ये दिसले, आणि जून २०१४ मध्ये इसिसने मोसुल शहर घेतले.

अफगाण युद्धाचा जमाखर्च पाहा. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार सुमारे २.३ लाख कोटी डॉलर्स खर्च झाले. अमेरिकेचे २,४०० हून अधिक सैनिक, ६६,००० च्या वर अफगाण सैनिक-पोलीस आणि ४६,००० हून अधिक सामान्य नागरिक मेले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्याच हाती गेले. अफगाण सैन्याला दिलेली सुमारे ७०० कोटी डॉलर्सची सामग्रीही मागे राहिली. ज्या मुलींनी वीस वर्षांत वह्या-पुस्तके हाती घेतली होती, त्यांच्यासाठी माध्यमिक शाळेची दारे बंद झाली. जमेच्या बाजूला काय लिहावे?

२०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जाहीर केले की, आता पहिली चिंता दहशतवादाची नसून चीन आणि रशिया यांच्याशी स्पर्धेची आहे. दरम्यान हत्याराचा प्रकारही बदलला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्त संस्थेने बनवलेले संगणक फोडण्याचे हत्यार बाहेर फुटले. मे महिन्यात त्याचा वापर झालेल्या हल्ल्यात ब्रिटनच्या इस्पितळांत रुग्णांच्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. जून महिन्यात त्याच हत्याराचा वापर झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. खोळंबा झाला उरणच्या बाजूला.

म्हणून परराष्ट्र धोरण हा केवळ साहेब लोकांचा विषय समजू नये. वर्तमानपत्रात अमुक देशाने तमुक गटाला शस्त्रे दिल्याची बातमी आली की घरात मुलांसमोर ती वाचावी आणि तीन प्रश्न विचारावेत. शस्त्र कोणी दिले? कोणाच्या हाती दिले? लढाई संपल्यावर ते कोठे जाणार? देणाऱ्या सरकारांनी तिसरा प्रश्न वेळीच विचारला असता, तर बामियानच्या कड्यात आज दोन रिकामे कोनाडे दिसले नसते, असे म्हणायला जागा आहे.