हृदयाचा निरोप

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, एवढीच त्याची व्याख्या बहुधा केली जाते. परंतु हृदय स्वतः रक्तांत एक संदेशद्रव्यही सोडतें, ही गोष्ट आम्हां विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असते.

इ. स. १९८१ मध्यें कॅनडांतील किंग्स्टन येथें अदोल्फो द बोल्ड यांनीं उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांस टोचला. थोड्याच वेळांत त्यांचें मूत्र व त्यांतील मीठ पुष्कळ वाढलें. रक्त वाढून हे कप्पे ताणले गेले, कीं हृदय हें द्रव्य सोडतें आणि मूत्रपिंडांकडून मीठ बाहेर टाकवितें. उलटपक्षीं, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन या द्रव्याच्या योगानें मीठ राखून ठेवतात. हृदयाचा निरोप या द्रव्यास आवर घालतो. मूत्रपिंडांत तयार होणारें डोपामिनही मीठ बाहेर घालविण्यास साह्य करतें. मात्र हेंच डोपामिन अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यांत क्रमाक्रमानें ॲड्रेनलिनचें रूप घेतें, व भयप्रसंगीं तें हृदयाची धडधड वाढवितें. एकाच कुळांतील द्रव्यें स्थानपरत्वें निरनिराळें कार्य करतात, तीं अशीं!

आम्हां चेंबूरकरांस अभिमान वाटावा अशी एक हकीकत मुंबईचीच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें रोग्यांवर पडताळून १९४९ सालीं ब्रिटिश हृदयरोग-पत्रिकेंत प्रसिद्ध केलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत त्या मुळींतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. तें मज्जातंतूंतील व अधिवृक्क ग्रंथींतील या द्रव्यांचे सांठे रिकामे करतें. म्हणून रक्तदाब उतरतो. परंतु मेंदूंतील सांठेही रिते होतात. १९५७ मध्यें स्वीडनचे आर्विद कार्ल्सन यांनीं रेसर्पिननें निश्चल झालेल्या सशांस डोपामिनचें पूर्वद्रव्य देऊन पुन्हां हालते केलें. कांहीं रोग्यांस या औषधानें खिन्नता आल्याचेंही नमूद झालें.

यावरून बोध इतकाच, कीं एका अवयवासाठीं घेतलेलें औषध सर्व शरीरास पोहोंचतें. वडील मंडळींपैकीं कोणी ऐकीव माहितीवर मुळी उगाळून घेत असतील, अथवा बरें वाटतें म्हणून गोळी सोडीत असतील, तर वाचकहो, त्यांस प्रथम वैद्यांकडे न्यावें. ताटांतील वरचें मीठ मात्र आजच कमी करावें. हृदयाचें तेवढेंच ओझें हलकें होईल.