शिकागोच्या पोलीसप्रमुखाचा सुरेल वारसा

परदेशी गेलेला माणूस वारसा केवळ आठवणींत जपतो, हा समज फ्रान्सिस ओ’नील यांचे आयुष्य खोडून काढते. 1848 मध्ये, भीषण दुष्काळाच्या काळात, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते जहाजावर गेले, 1873 मध्ये शिकागोच्या पोलीस दलात भरती झाले आणि 1901 मध्ये त्याचे प्रमुख बनले. मायदेशी गावोगाव विखुरलेल्या आयरिश लोकसंगीताच्या चाली शिकागोत एकत्र ऐकू येत, कारण निरनिराळ्या परगण्यांतले वादक इथे स्थायिक झाले होते. ओ’नील त्या चाली कानात साठवत, तर सहकारी जेम्स ओ’नील स्वरलिपीत उतरवत. त्यांच्या 1903 च्या संग्रहात अशा 1850 रचना आल्या.

छापल्याने जिवंत संगीत गोठते, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. एका चालीची अनेक रूपे असतात, कागदावर बहुधा एकच उरते. पण वादकाबरोबर चालही संपण्याची भीती होती, तिथे एक रूप टिकणेही मोलाचे. शिवाय 1907 च्या 1001 नृत्यधुनांच्या पुस्तकातून पुढच्या पिढ्या शिकल्या आणि त्यांनी त्या आपापल्या ढंगाने वाजवल्या. अनेक अपत्यांचे मृत्यू पाहूनही ओ’नील यांनी हे काम सोडले नाही. वारसा नुसत्या अभिमानाने टिकत नाही, त्यासाठी असे चिकाटीचे कष्टच लागतात.