मृत्युपत्राला खर्च किती?

कोऱ्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार चालते. मुद्रांक शुल्क शून्य; तरी पाचशेचा स्टॅम्पपेपर घेऊन येणारे कमी नाहीत. नोंदणी ऐच्छिक. पुण्यात ‘हवेली’च्या दुय्यम निबंधकाकडे ती केली, तर शुल्क १०० रुपये, वर पानामागे हाताळणी शुल्क, फोटो नि अंगठा तिथेच घेतात. खरा खर्च वकिलाचा. वाड्यातला हिस्सा किंवा पुनर्विकासाला गेलेला फ्लॅट असेल, तर तिथे काटकसर नको. डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, पण वयस्करांनी त्याच दिवशीचा जोडावा. हयातीतच राहते घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायचे, तर मुद्रांक २०० रुपये, शिवाय शहरी अधिभार. पण मृत्युपत्र कधीही बदलता येते, बक्षीसपत्र सहसा नाही.