सागरतळाची सरहद्द

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळाकभिन्न, उभ्या खांबांचा, सुमारे दोनशे फूट उंचीचा कडा ज्याने पाहिला आहे, त्याला अरबी समुद्राच्या तळाशी काय दडले आहे याची थोडी कल्पना आलेलीच असते. कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाने दख्खन व्यापले, त्याचे थर किनाऱ्यापाशी न थांबता १९७४ साली जेथे तेल लागले त्या मुंबई हायच्या परिसरातही, चुनखडीच्या खाली पसरले आहेत.

या थरांखाली भूखंडाचे कवच कोठे संपते याची मोजणी चुंबकमापकाने होते. बोटीच्या पोलादाचा प्रभाव टळावा म्हणून तिच्या लांबीच्या दुपटी-तिपटीने दूर, दोरखंडामागे ओढली जाणारी ती वस्तू म्हणजे तारेच्या वेटोळ्यातली, रॉकेलसारख्या द्रवाने भरलेली कुपी. वेटोळ्यातील वीज तोडताच द्रवातील प्रोटॉन भोवऱ्यासारखे डोलू लागतात. आपल्या समुद्रावर, सुमारे ४३,००० नॅनोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात, सेकंदाला साधारण १,८०० वेळा; या वेगावरूनच क्षेत्राचा आकडा कळतो.

तथापि आकडा मिळाला म्हणजे दाखला मिळाला असे नव्हे. सूर्यामुळे क्षेत्र दिवसभर चढते-उतरते, आणि तो चढउतार अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदींशी ताडून वजा करावा लागतो. विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव वेधांना होऊ नये म्हणून १९०४ साली हे काम कुलाब्याहून तेथे नेले होते. ही वजावट करून आखलेल्या पट्ट्यांवर मी पेन्सिल घेऊन दुपारच्या दुपारी घालविल्या आहेत. रेषेची टोकदार थरथर जवळच्या बेसॉल्टची, रुंद व संथ उंचवटा बहुधा खोलीवरच्या खडकाचा. पहिलीच्या कल्लोळातून दुसरा वेगळा काढणे हेच खरे कष्टाचे काम. कवच भूखंडीय की सागरी, यावर वरच्या गाळाला किती उष्णता मिळाली, आणि त्यात तेल पिकले की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते.

मुंबईच्या पश्चिमेस खोल पाण्यात असलेल्या लक्ष्मी खोऱ्याविषयी हा निवाडा अद्याप व्हायचा आहे. १९८२ साली नैनी आणि तलवानी या संशोधकांनी भूखंडाची सरहद्द खोऱ्यापलीकडे, लक्ष्मी पर्वतरांगेपाशी मानली; १९९४ साली भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्यातील चुंबकीय पट्टे सागरतळ दुभंगल्याचे चिन्ह ठरविले; २०१५ साली तेथे छिद्र पाडून बेसॉल्ट वर काढला, तरी मतभेद मिटले नाहीत. चुंबकमापक साक्षीदार उत्तम आहे. परंतु त्याची साक्ष गुरुत्वाकर्षणाच्या, भूकंपलहरींच्या आणि अखेरीस छिद्राच्या साक्षीशी ताडल्यावाचून नकाशावर सरहद्दीची रेषा ओढू नये.