अद्भुत : कादंबरीचे बालपण की निराळी वाट?

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना आपण एक क्रम गृहीत धरतो : आधी अद्भुतरम्य, मागाहून वास्तव, म्हणजे अद्भुत हे कादंबरीचे बालपण. सनावळ्या मात्र या क्रमाला साक्ष देत नाहीत. विधवांच्या दुःस्थितीवरील बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, तर रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. अद्भुतच मागाहून आले.

ब्रिटनमध्ये हे अधिक ठळक दिसते. जॉर्ज मॅक्डोनल्ड यांची ‘फँटास्टिस’ १८५८ साली निघाली आणि पुढल्याच वर्षी जॉर्ज एलियट यांची, ग्रामजीवन रंगविणारी, ‘अॅडम बीड’. वास्तववादाच्या ऐन भरात अद्भुताची ही नवी वाट फुटली. १८९६ साली विल्यम मॉरिस यांनी ‘द वेल अॅट द वर्ल्ड्स एंड’ या कथेसाठी स्वतंत्र भूप्रदेशच कल्पिला.

या वाटेला शास्त्र दिले ते टॉल्किन यांनी. ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते, ही गोष्ट गौण नव्हे. ‘बेवुल्फ’ या प्राचीन काव्यातील राक्षस विद्वानांना दोषास्पद वाटत. काव्याचा गाभा तेच होत, असे त्यांनी १९३६ च्या व्याख्यानात प्रतिपादिले. परीकथेवरील १९३९ च्या व्याख्यानातला त्यांचा विचार तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानी घ्यावा असा आहे. ‘हिरवा सूर्य’ असे कोणीही म्हणू शकतो. ज्या जगात तो सूर्य पटेल, ते जग रचणे मात्र कष्टाचे. त्या जगाचे नियम मोडले की वाचकाचा विश्वासही मोडतो. हे कष्ट १९५४-५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन खंडांत फळास आले.

आमच्या जुन्या कादंबऱ्यांत उणीव आहे ती येथे. त्यांतले योगायोग लेखकाच्या सोयीने घडतात, कथेतील जगाच्या नियमाने नव्हे. दोष अद्भुताचा नाही, शैथिल्याचा आहे. आणि समीक्षेने शिक्षा केली ती अद्भुताला! वस्तुतः सातवाहनांच्या दरबाराशी परंपरेने जोडलेल्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा वारसा आमचा. मूळ ग्रंथ हरपला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्यातील कथा ‘कथासरित्सागरा’त राखल्या.

प्रश्न केवळ ग्रंथांचा नाही. सुरतेच्या पांडेसरा भागात, कापडाच्या कारखान्यांभोवती, खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे वसली आहेत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती व हिंदी, अशा भाषांत तेथील मूल वाढते. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ही त्याची पहिली वाङ्मयीन पुंजी. अद्भुत म्हणजे अपक्वता, असे त्याला वर्गात शिकविले, तर ती पुंजी बाळगण्याचीच त्याला लाज वाटू लागेल.

रोलिंगबाईंच्या १९९७ च्या पहिल्या कादंबरीचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. हा ‘परीस’ नव्याने घडवावा लागला नाही; संतांच्या अभंगांत तो शतकानुशतके वावरतो आहे. शिक्षकांनी या धड्याचा आरंभ त्या शब्दापासून करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.